ड्रमर रचना करतो म्हणजे नेमकं काय करतो?

प्रश्न विचारणारा पुण्यातल्या चार जणांच्या एका बँडमध्ये ड्रम्स वाजवतो, वय तेवीस. बँडच्या ट्यून्स सॅक्सोफोनवाला आणि कीबोर्डवाला आणतात. मध्यंतरी यानेही एक पीस लिहून नेला: सात मात्रांचा ग्रूव्ह, त्यात दोन ब्रेक, शेवटी ड्रम सोलो. बाकीच्यांनी पानावर नजर टाकली आणि म्हणाले, ‘अरे, पण यात ट्यून कुठंय? हा तर ठेका झाला.’ आता त्याला दोन गोष्टी हव्या आहेत. फ्री जॅझमधले, म्हणजे अवांगार्द म्हणतात त्या जॅझमधले इतके ड्रमर कंपोझर म्हणून मिरवतात, ते खरंच काही रचतात की मनाला येईल ते वाजवून त्याला रचना म्हणतात? आणि तसं काही करायचं असेल तर आधी पियानो शिकायला हवा का?

मी आधी तबला शिकलो, मग ड्रम्सकडे वळलो. गेली बरीच वर्षं वाजवतोय, शिकवतोय आणि स्वतःच्या छोट्या गटासाठी लिहितोय. वयाने लहान आहेस म्हणून एकेरीत लिहितो.

ड्रमरला रचना करता येते का, हा भाग चटकन उरकतो, कारण त्यावर वाद घालण्यासारखं फार उरलेलं नाही. अमेरिकेत संगीतासाठी दिलं जाणारं पुलित्झर २०२४ साली टायशॉन सोरीला मिळालं आणि २०२५ साली सुझी इबाराला. दोघांची ओळख मुळात ड्रमर म्हणून, दोघंही न्यूयॉर्कच्या प्रयोगशील जॅझमधून आलेले. त्यामुळे तुझा खरा प्रश्न वेगळा आहे असं मला वाटतं. तुझ्या मित्रांनी ‘ट्यून कुठंय’ असं विचारलं खरं, पण त्यांना विचारायचं होतं ‘यात मी काय करू?’ तुझ्या पानावर तू काय करणार ते सगळं आहे, सॅक्सोफोनने काय करायचं याबद्दल एक अक्षर नाही. ड्रमरने लिहिलेला कागद बाकीच्यांना रचना वाटायला त्यात काय असावं लागतं, हे कळलं की तुझा निम्मा प्रश्न सुटतो.

आपल्याला हे थोडं गोंधळाचं वाटतं, कारण तबल्याच्या जगात वादकाने रचना करणं ही रोजची गोष्ट आहे. कायदा, गत, चक्रदार या तबल्यावरच्या ठरलेल्या घाटाच्या रचना, त्यांना बांधणारे असतात आणि त्यांचं नाव घेऊन, कानाला हात लावून त्या वाजवल्या जातात. मुंबईत उस्ताद अमीर हुसेन खाँसाहेबांनी बांधलेल्या गती आजही त्यांच्या परंपरेतले लोक नाव सांगूनच पेश करतात. पण लक्षात घे, तिथे जागा आधीच राखलेली आहे. लेहरा, म्हणजे पेटीवर किंवा सारंगीवर फिरत राहणारी चाल, चालू आहे, ताल ठरलेला आहे, सम कुठे आहे हे श्रोत्यालाही माहीत आहे, आणि त्या चौकटीत तबलजी आपली रचना मांडतो. रचना तबल्याची आणि तबल्यासाठी. लेहरा धरणाऱ्याने काय वाजवावं हे त्या गतीत लिहिलेलं नसतं. जॅझमधल्या ड्रमरने मागितलं ते याहून जास्त होतं: सॅक्सोफोनने कधी यावं, बासने कधी गप्प बसावं, पीस कुठे संपावा, हे मी ठरवणार. कुरकुर सुरू होते ती या ठिकाणी.

मग हे अवांगार्दमध्येच एवढं का झालं? त्याआधीच्या जॅझमध्ये पीसचा आकार ट्यूनच्या मालकीचा असायचा. बत्तीस बारची (बार म्हणजे मात्रांचा ठरलेला गट) थीम किंवा बारा बारचा ब्लूज, त्याच्या कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ, फिरत राहायच्या, आणि आपण कुठे आहोत हे त्या कॉर्ड्स सांगायच्या. ड्रमरने लय सांभाळायची आणि कोपरे दाखवायचे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आणि साठच्या दशकात काही लोकांनी कॉर्ड्सची ती फेरी सोडून दिली, काहींनी ठरलेली लयही सोडली. मग ऐकणाऱ्याला वाट दाखवणार कोण? वाजण्याची दाटी, आवाजाचा पोत, कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, कुठे अचानक रिकामं झालं, एवढ्याच खुणा उरतात. हा सगळा माल ड्रमरच्या हातात आधीपासूनच होता. दुय्यम समजली जाणारी त्याची कामं एकदम पीसचा सांगाडा बनली. ड्रमर अचानक हुशार झाले असं नाही, त्यांच्या हातातल्या गोष्टींचा भाव वाढला.

ऐकायला सुरुवात ड्रमर मॅक्स रोचपासून कर. १९६० साली त्यांनी ‘वी इन्सिस्ट!’ हा फ्रीडम नाऊ स्वीट, म्हणजे एका सूत्रात ओवलेल्या पीसची मालिका, रेकॉर्ड केला. शब्द ऑस्कर ब्राऊन ज्युनियरचे, गायला ॲबी लिंकन. त्यातला ‘ड्रायव्हा मॅन’ कान देऊन ऐक. संथ लय, पाच मात्रा, आणि समेवर एक कडक रिमशॉट, म्हणजे ड्रमच्या कडेसकट मारलेला फटका. शब्द गुलामांवर आसूड उगारणाऱ्या मुकादमाबद्दल आहेत. तो फटका कसला आहे हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. आता मनातल्या मनात तो रिमशॉट काढून टाक. किंवा दुसऱ्या मात्रेवर ने. किंवा सॅक्सोफोनवर कोलमन हॉकिन्स आले की खाली नेहमीचा चार मात्रांचा झुलता ठेका धर. शब्द तेच, चाल तीच, पण पीस मेला. याचा अर्थ इथे मूळ कल्पना त्या फटक्यात आहे आणि चाल तिच्याभोवती बांधली आहे. त्याच स्वीटमधल्या ‘ट्रिप्टिक’मध्ये तर फक्त आवाज आणि ड्रम्स आहेत. बास नाही, कॉर्ड्स नाहीत, शब्दही नाहीत. प्रार्थना, निषेध आणि शांती असे तीन भाग, आणि प्रत्येक भागात ड्रम्स काय करतात त्यावरून तू कुठल्या भागात आहेस हे डोळे मिटूनही कळतं.

पुढे १९६६ साली आलेल्या ‘ड्रम्स अनलिमिटेड’वर रोचचे तीन एकल पीस आहेत. त्यातला ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’ मी प्रत्येक शिष्याला देतो. पायांत बास ड्रम आणि हाय-हॅटचा (पायाने मिटणाऱ्या झांजांचा) तीन मात्रांचा ठेका सुरू होतो आणि तो शेवटपर्यंत जवळजवळ यंत्रासारखा चालतो. हातात एक छोटं वाक्य. ते वाजतं, मग हात थांबतात आणि नुसते पाय ऐकू येतात. मग तेच वाक्य थोडं वाकवून, मग त्याला उत्तर, मग पुन्हा जागा. शिष्य हे वाजवायला घेतात तेव्हा पहिल्यांदा त्या मोकळ्या जागा बुजवतात, कारण हात रिकामे राहिले की ड्रमरला कसंनुसं होतं. पण जागा बुजवली की वाक्य ओळखूच येत नाही, आणि वाक्य ओळखू आलं नाही तर ते परत आल्याचा आनंदही नाही. टॉम्स (सेटमधले सुरात लावता येणारे ड्रम) बऱ्यापैकी वर, स्वच्छ सुरात लावलेले असल्यामुळे ‘चाल’ ऐकू येते हे खरं, पण ती ओळखीची होते ती मोकळ्या जागांमुळे. हा पीस आज जगभरचे ड्रमर वाजवतात. बिल ब्रुफर्डने तो १९८५ च्या अल्बमवर घेतला. म्हणजे तो रोचच्या हातांतून सुटून दुसऱ्याकडे गेला आणि तरी ओळखू आला. १९७० साली याच रोचनी ‘एमबूम’ नावाचा केवळ तालवादकांचा गट काढला, पण ती वेगळीच मोठी गोष्ट आहे.

इथून मला एक कसोटी मिळते आणि ती मी स्वतःच्या लिखाणालाही लावतो. पीस माझ्याशिवाय उभा राहतो का? दुसऱ्याने वाजवला तर तोच पीस आहे हे कळतं का? दोन्हींचं उत्तर हो आलं तर ती रचना, मग त्यात एकही सा-रे-ग-म नसेना का.

दुसरे लोक वेगळ्या वाटेने गेले. ते सरळ पियानोपाशी बसले आणि इतरांसाठी सूर लिहू लागले. ड्रमर टोनी विल्यम्सने ‘लाईफ टाईम’ केला १९६४ च्या ऑगस्टमध्ये, वय अठरा. सगळ्या रचना त्याच्या. त्यातला ‘बार्ब्ज साँग टू द विझर्ड’ लाव आणि ड्रम्स शोध. सापडणार नाहीत. हर्बी हॅनकॉकचा पियानो आणि रॉन कार्टरचा बास, बस्स. त्या वयात, स्वतःच्या नावाच्या पहिल्याच अल्बमवर, जगातला सगळ्यात चपळ ड्रमर एका पीसमध्ये स्वतःला बाहेर ठेवतो. मला विचारशील तर ‘मी कंपोझर आहे’ हे सांगण्याची याहून ठाम रीत नाही. गंमत अशी की तीन वर्षांनी ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘सॉर्सरर’ या अल्बमवर टोनीची ‘पी वी’ ही ट्यून आहे, आणि तिच्यात माइल्सच वाजवत नाही.

ड्रमर जो चेंबर्सचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही, घ्यायला हवं. बॉबी हचरसनचा १९६५ चा ‘कॉम्पोनंट्स’ घे. रेकॉर्डची पहिली बाजू हचरसनच्या रचनांची, दुसरी पूर्ण चेंबर्सच्या रचनांची. गटप्रमुखाची बाजू त्या मानाने सरळ आहे, धाडसी आहे ती ड्रमरची.

आणि पॉल मोशियन. पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रिकुटातला हा ड्रमर स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम करायला बसला १९७२ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. तुझ्या हातात अजून भरपूर वेळ आहे. बिल फ्रिझेलची गिटार, जो लोव्हानोचा सॅक्सोफोन आणि मोशियनचे ड्रम्स असं त्यांचं त्रिकूट पुढे वर्षानुवर्षं चाललं. ‘इट शुड हॅव हॅपन्ड अ लाँग टाईम अगो’ ऐकून बघ, १९८४ चं रेकॉर्डिंग. बास नाही, त्यामुळे खालची जमीनच नाही. चाली छोट्या, लोकगीतासारख्या, काही तर तू एका दमात गाऊ शकशील. पण दोघं ती चाल एकत्र वाजवताना मुद्दाम एकमेकांच्या किंचित मागेपुढे राहतात, आणि ड्रम्स त्यांना बांधून ठेवण्याऐवजी अजून सैल सोडतात. मी अशा चाली कागदावर उतरवून शिष्यांना दिल्या आहेत. कागदावर त्या जवळजवळ बाळबोध दिसतात. ड्रमरला माहीत असतं की खाली लय कोण आणि कशी हलवणार आहे, म्हणून तो वरती कमी लिहू शकतो. पियानोवाला एवढं कमी लिहायला धजत नाही.

आता तुझ्या प्रश्नातला टोचरा भाग: मनाला येईल ते वाजवून त्याला रचना म्हणतात का? काही जण म्हणतात, उगाच का नाकारा. ‘इम्प्रोव्हायझेशन म्हणजे तत्क्षणी केलेली रचना’ हे वाक्य ऐकायला छान आहे, पण त्याच्या आड बरीच आळशी वाजवणूकही लपते. मात्र उलट बाजूचा अन्यायही तेवढाच खरा आहे. १९६४ च्या जुलैत रेकॉर्ड झालेला अल्बर्ट आयलरचा ‘स्पिरिच्युअल युनिटी’ ऐक. आयलरच्या चाली अगदी साध्या, मिरवणुकीत शोभतील अशा. खाली ड्रमर सनी मरी ठेका असा धरतच नाही; सिंबल्सचा, म्हणजे झांजांचा, एक अखंड थरथरता पडदा धरतो, मधूनच बास ड्रमचा ठिपका, आणि लक्ष दिलंस तर त्याचं स्वतःचं कण्हणंही ऐकू येतं. त्या पडद्याच्या जागी चांगला झुलता ठेका ठेवला असता तर आयलर हा एक विचित्र आवाजाचा सॅक्सोफोनवाला एवढाच उरला असता. २२ फेब्रुवारी १९६७ ला जॉन कोल्ट्रेन आणि रशीद अली दोघांनीच ‘इंटरस्टेलर स्पेस’ रेकॉर्ड केलं. अख्ख्या अल्बमवर फक्त सॅक्सोफोन आणि ड्रम्स, अर्धा भार रशीदच्या खांद्यावर. दोन्ही अल्बमवर रचनाकार म्हणून नाव एकट्या सॅक्सोफोनवाल्याचं. मला हे कायद्याने बरोबर आणि संगीताच्या हिशेबाने अपुरं वाटतं. पण म्हणून मरी आणि अली तिथे ‘कंपोझर’ होते असंही मी म्हणणार नाही. त्यांनी पीसला आकार दिला, पण तो आकार उचलून दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

माझी कसोटी जिथे साफ तोकडी पडते असा एक ड्रमर आहे, मिलफर्ड ग्रेव्ह्ज. १९६५ च्या सुमारास हा न्यूयॉर्कमध्ये वसंत सिंग यांच्याकडे तबला शिकत होता, आणि त्याच वर्षी सनी मॉर्गनबरोबर त्याने फक्त तालवाद्यांचा अल्बम केला, ज्यातल्या प्रत्येक पीसचं नाव ‘नथिंग’ आणि पुढे आकडे. ड्रम्सची खालची कातडी त्याने काढून टाकली, जेणेकरून आवाज उघडा यावा आणि कातडं हाताने-काठीने वाकवता यावं. पुढे बेनिंग्टन कॉलेजात जवळजवळ चाळीस वर्षं शिकवलं, हृदयाच्या ठोक्यांची रेकॉर्डिंग्ज जमवून त्यातला ताल अभ्यासला. त्याचा पीस दुसऱ्याने वाजवायचा म्हटलं तर काय वाजवणार? तरी त्याचं कुठलंही रेकॉर्डिंग चार सेकंदांत ओळखू येतं. तिथे मी कसोटी खिशात ठेवतो. त्याने पीस रचण्याऐवजी वाजवण्याची एक पूर्ण पद्धत रचली, आणि ती शिष्यांत उतरली. आधी उल्लेख केला ती सुझी इबारा त्याच्याचकडे शिकली. तिच्या ‘स्काय आयलंड्स’मध्ये फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावरची उंच डोंगरांतली जंगलं आहेत, तिकडच्या घंटावाद्यांची परंपरा आहे, आणि तंतुवाद्यांसाठी रीतसर लिहिलेलं संगीतही आहे.

आतापर्यंतचं गोळा करतो. एका वाटेवर ताल हाच पीसचा विषय असतो. दुसरीवर ड्रमर पियानोपाशी बसून इतरांसाठी सूर लिहितो. तिसरी वाट तुझ्या बँडला सगळ्यात उपयोगी पडेल असं मला वाटतं: तिच्यात ड्रमर सूरही लिहीत नाही, ठेकाही लिहीत नाही, वाजवण्याचे नियम लिहितो.

लंडनचा ड्रमर जॉन स्टीव्हन्स याचा बादशहा. त्याचा ‘क्लिक पीस’ कुणालाही पाच मिनिटांत समजावता येतो. प्रत्येकाने आपल्या वाद्यावर शक्य तितका आखूड आवाज काढायचा, आपल्या सवडीने, बाकीच्यांना ऐकत. बस्स. दुसरा याच्या उलट: दमात बसेल तितका लांब सूर धरायचा, दम संपला की थांबायचं, मग पुन्हा. वर्गात हे करून घेतो तेव्हा पहिला मिनिटभर हसाहशी होते. मग कधीतरी आवाजांची एक जाळी तयार होते जी कुणी एकाने विणलेली नसते, आणि गिटारवाला पोरगा आयुष्यात पहिल्यांदा स्वतः न वाजवता दुसऱ्याचं ऐकताना दिसतो. कागदावर एकही नोट नाही, पण शंभर गटांनी वाजवला तरी हा ‘क्लिक पीस’ आहे हे ओळखू येईल. माझ्या कसोटीला तो पुरेपूर उतरतो.

शिकागोतल्या एएसीएम या संगीतकारांच्या संस्थेचंही इथे सांगायला हवं. १९६५ साली ती सुरू करणाऱ्या चौघांत स्टीव्ह मॅकॉल हा ड्रमर होता, आणि त्यांचा आग्रह असा की कार्यक्रमात आपलं, स्वतः रचलेलं संगीतच वाजवायचं. असा नियम आला की ‘तू फक्त ड्रमर आहेस’ म्हणायची सोय राहत नाही. सगळ्यांनाच लिहावं लागतं. टायशॉन सोरी याच विचारांच्या लोकांत वाढला. त्याचा २०१८ चा ‘पिलर्स’ जवळजवळ चार तासांचा आहे. पुलित्झर मिळालेली ‘अदाजिओ’ ही ट्रंपेटवादक वाडाडा लिओ स्मिथ यांना वाहिलेली सॅक्सोफोन आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, अतिशय संथ. ड्रमरची रचना म्हणजे हातचलाखी आणि विषम मात्रांची आतषबाजी असणार अशी अपेक्षा घेऊन गेलास तर दहा मिनिटांत जांभया देशील. वेळ कसा वाटतो, किती वेळ एक गोष्ट टिकवता येते, हे ड्रमरइतकं कुणाला कळतं? सोरी तेच वापरतो, फक्त काठ्या न आपटता.

माझ्या गटात टेनर सॅक्सोफोन, बास आणि मी असतो. आमचा एक पीस एका पानाचा आहे. पानावर तीन चौकोन आहेत: ब्रश, काठ्या, मॅलेट्स (मऊ डोक्याच्या काठ्या). माझ्या हातात काय आहे त्यावरून बाकीच्यांनी काय करायचं ते ठरतं. मॅलेट्स असताना बासवाल्याने फक्त गज वापरायचा आणि एकच सूर धरायचा. ब्रश असताना सॅक्सोफोनने सूर न काढता नुसती बटणं आणि फुंकर. काठ्या असताना दोघंही मोकळे, पण मी राईड सिंबल, म्हणजे सेटमधली मोठी झांज, हाताने धरून बंद केली की सॅक्सोफोनने पाच सुरांचं एक ठरलेलं वाक्य वाजवायचं, आणि ते पूर्ण होईपर्यंत कुणीही काही करायचं नाही. त्या पाच सुरांखेरीज पानावर स्वरलेखन नाही. पहिल्या तालमीत बासवाल्याचा पहिला प्रश्न होता, ‘किती वेळ?’ तो नेहमी येतो आणि तो रास्त असतो. ‘वाटेल तेवढा’ असं उत्तर दिलंस की सगळे जण जरा जास्तच वाजवतात. म्हणून मी वेळेऐवजी संख्या बांधतो: ते पाच सुरांचं वाक्य पूर्ण पीसमध्ये सातच वेळा येईल, सातव्यांदा आलं की पीस संपला. आता ती सात वाक्यं चार मिनिटांत येतील की वीस मिनिटांत, हे त्या दिवशी ठरतं, पण तिघेही मनात मोजत असतात आणि त्यामुळे ऐकत असतात.

आता तुझं पान घेऊ. सात मात्रांचा ग्रूव्ह तू स्वतः वाजवू नकोस, बासला दे. तीन सूर पुरे, सातच्या आवर्तनात बसवलेले. तू पहिल्या मिनिटात अजिबात वाजवू नकोस, म्हणजे सात मात्रा बासच्या झाल्या हे सगळ्यांना पटेल. मग तू ये, पण सातावर येऊ नकोस. त्याच्यावर तुझी वेगळी, मोकळी लय चालव. दोन ब्रेक आहेत ते ठेव, पण ते कधी येणार हे तू ठरव आणि डोळ्यांनी नाही, आवाजाने खूण कर, म्हणजे प्रेक्षकांनाही ती खूण ऐकू येते. पहिल्या ब्रेकला कीबोर्डने एकच कॉर्ड दाबायची आणि ती पूर्ण विरेपर्यंत धरायची. दुसऱ्या ब्रेकला सॅक्सोफोन एकटा. शेवटचा ड्रम सोलो मात्र काढून टाक, किंवा सुरुवातीला ने. ड्रमरने लिहिलेला पीस ड्रम सोलोने संपला की बाकीच्यांना वाटतं, एवढ्यासाठीच का आम्हाला राबवलं. आणि शक्य असेल तर एकदा दुसऱ्या ड्रमरला तुझ्या जागी बसवून समोरून ऐक. पानात काय लिहायचं राहिलं ते तुला लगेच कळेल.

यातलं किती जमेल हे तुझ्या बँडवर अवलंबून आहे. बाकीच्या तिघांना कॉर्ड्सशिवाय वाजवायची सवयच नसेल, तर आधी आठवडाभर ते स्टीव्हन्सचे दोन पीस करा. आणि तुम्ही हॉटेलात, लग्नात वाजवत असाल तर तिथे हे नेऊ नकोस, उगाच पैसे कापले जातील.

पियानोचं म्हणशील तर तुला कुठली वाट हवी आहे त्यावर आहे. मोशियन, चेंबर्स यांच्यासारखं लिहायचं असेल तर स्वरांचं वाद्य लागेलच. फक्त पियानोच हवा असं नाही. घरात किंवा शेजारी पेटी असेल तर ती घे. सूर लांब धरता येतो, एका हाताने वाजवता येते, आणि लेहऱ्यामुळे आवर्तनात सूर बसवायची आपल्या कानांना सवय असते. रोज एक ओळ लिही, जास्तीत जास्त सात-आठ सुरांची, आणि ती आधी तोंडाने म्हण. म्हणता येत नसेल तर खोड. अमेरिकन ड्रमर डॅन वाईस उलट्या दिशेने गेला: समीर चटर्जींकडे तबला शिकला आणि २००५ साली तीनतालचा अख्खा एकल तबला, कायदे-तुकड्यांसकट, ड्रमसेटवर वाजवून रेकॉर्ड केला. ते बोल परंपरेचे होते. पण त्यानंतर मोठ्या गटासाठी त्याने स्वतः लिहिलेल्या संगीतात ती शिस्त उघड दिसते. आपल्याकडचा त्रिलोक गुर्टूही ऐक, मुंबईचा, शोभाताई गुर्टूंचा मुलगा. १९८८ च्या ‘उसफ्रेट’वर आईचा आवाज, डॉन चेरीचा ट्रंपेट आणि स्वतःचे ड्रम्स त्याने एकत्र आणले.

शेवटचं, नावाचं. तू विचारलेलं नाहीस, पण मित्रांशी खटका उडाला आहे तर पुढे हाच मुद्दा येणार. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची मूळ व्याख्या चाल आणि हार्मनी यांना धरून होती, आणि तीही लिहिलेली किंवा छापलेली हवी असायची. त्या व्याख्येत ड्रमरचं काम बसवणं कठीण होतं. १९९४ च्या दुरुस्तीत व्याख्या ‘संगीताने बनलेली कृती’ इतकी मोकळी झाली, आणि कंपोझर म्हणजे संगीत रचणारी व्यक्ती, मग तिने ते स्वरलेखनात उतरवलेलं असो वा नसो, असंही कायद्यात आलं. वाद झालाच तर अर्थात वकिलाला विचार, मी ड्रमर आहे. पण तुझ्या पानाला किंवा माझ्या तीन चौकोनांच्या पानाला आज कायद्याचं दार बंद नाही, एवढं नक्की. पानाच्या कोपऱ्यात नाव आणि तारीख घाल, तालमीचं फोनवर रेकॉर्डिंग ठेव, आणि स्टुडिओत जाण्याआधी चौघांनी बसून कुठल्या पीसवर रचनाकार म्हणून कुणाची नावं जाणार ते लिहून काढा. बासवाल्याने ते तीन सूर स्वतः शोधले असतील तर त्याचंही घाला.